‘खयचो? कोणाचो?’ : विवाह ॲपवरील माझे चौदा महिने

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी माझा दुसरा विवाह झाला. हे स्थळ कोणी सांगून आलेले नव्हते. ते मी स्वतः मोबाइलवरील एका विवाह ॲपवर शोधले होते. देवगड तालुक्यातील समुद्रालगतच्या आमच्या वाडीत कोणाचे लग्न अशा रीतीने जुळल्याचे माझ्या तरी माहितीत नाही. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या चार-पाच मुलींनी, आणि मुलींपेक्षा अधिक त्यांच्या आयांनी, मला एकेकटे गाठून विचारले, की नाव कसे घालायचे, पैसे किती जातात, फसवणूक कशी ओळखायची आणि घरच्यांना कसे सांगायचे. प्रत्येकीला मी थोडे थोडे सांगितले. येथे ते सगळे क्रमाने लिहीत आहे.

माझा पहिला विवाह दीड वर्ष टिकला. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा जानेवारी २०२१ मध्ये मिळाला, आणि मी माहेरी परतून तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करू लागले. अडीच वर्षे घरात या विषयावर कोणी बोलले नाही. मग २०२३ च्या गणपतीत, मुंबईहून आलेल्या एका नातलगांनी बाबांना पडवीत बसवून एक स्थळ सांगितले: वय सत्तेचाळीस, दोन मुले, पत्नी वारलेली, ठाण्यात स्वतःची खोली. ‘अशा मुलीला याहून बरे काय मिळणार?’ हे त्यांचे वाक्य मी माजघरात मोदक वळताना ऐकले. त्या गृहस्थांविषयी मला काहीच म्हणायचे नाही, ते सज्जन असतील. परंतु माझे कोणाशी जुळेल याचा विचार न होता माझी पत किती उतरली आहे एवढाच हिशेब मांडला गेला होता, आणि ते मला फार लागले. बाबांनी ‘बघूया’ म्हणून वेळ मारून नेली. स्थळाला नकार देणे आमच्याकडे सोपे नसते. स्थळ आणणारा माणूस दुखावतो, तो पुढच्या शिमग्याला घरी येत नाही, आणि दोन-तीन नकारांनंतर ‘त्यांच्या मुलीच्या अपेक्षाच फार आहेत’ असे बोलले जाऊ लागते. नकाराची ही भीती नसती, तर मी कदाचित ॲपकडे वळलेच नसते.

८ ऑक्टोबर २०२३ च्या रविवारी, डोंबिवलीच्या मावसबहिणीला फोनवर घेऊन मी नाव नोंदवले. अर्ज भरायला सव्वा तास लागला. नाव, जन्मवेळ, उंची आणि शिक्षण यांनंतर ‘हे प्रोफाइल कोण चालवते’ असा प्रश्न होता, आणि त्याखाली स्वतः, पालक, भावंड असे पर्याय होते. मी ‘स्वतः’ निवडले. त्या साध्या प्रश्नाचे महत्त्व मला तीन महिन्यांनी कळले, ते पुढे सांगते. ओळख पडताळणीसाठी आधार कार्ड मागितले गेले. तेथे मूळ कार्ड न देता आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून द्यावे, कारण त्यात क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक दिसतात. हे मावसबहिणीला ठाऊक होते म्हणून मी वाचले. घटस्फोटित असल्याचे मी पहिल्याच ओळीत लिहिले, आणि त्याखाली लिहिले, की मला कोकणातच राहायचे आहे, मुंबईला जायचे नाही. मावसबहिणीचे मत असे होते, की या दुसऱ्या वाक्यामुळे निम्मी माणसे गळतील. ती गळायलाच हवी होती.

पहिले पंधरा दिवस नोंदणी विनामूल्य होती. तेवढ्यात एकसष्ट विनंत्या आल्या, आणि त्यांतील चाळीसहून अधिक पंचेचाळिशीच्या पुढच्या पुरुषांच्या होत्या. अनेकांनी माझे लिहिलेले वाचलेलेही नव्हते. ‘मुंबईत केव्हा येऊ शकाल’ हाच त्यांचा पहिला प्रश्न असे. तरीही येथे मला एक गोष्ट आयुष्यात प्रथम मिळाली, ती म्हणजे कोणालाही न दुखावता नकार देण्याची मोकळीक. एक बटण दाबले की विषय संपत होता. कोणी रुसत नव्हते आणि गावात चर्चाही होत नव्हती. ज्या मुलींना ‘आलेले स्थळ नाकारायचे कसे’ या विचारानेच झोप येत नाही, त्यांच्यासाठी ॲपचा हा उपयोग सर्वांत मोठा आहे, असे मी आजही मानते.

विनंती करणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक पाहायचा असेल तर पैसे भरावे लागतात. मी तीन महिन्यांची योजना घेतली, ३,२०० रुपयांची, आणि त्यात चाळीस क्रमांक पाहता येत होते. पैसे भरताना ‘ऑटोपे’ला आपण संमती देत आहोत हे माझ्या ध्यानात आले नाही, आणि जानेवारीत आणखी ३,२०० रुपये परस्पर खात्यातून गेले. पतसंस्थेत दिवसभर इतरांचे हप्ते तपासणाऱ्या मला हे समजायला हवे होते. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरले त्यातच ‘ऑटोपे’ नावाचा विभाग असतो. तेथे जाऊन ही परवानगी पैसे भरल्याच्या दिवशीच रद्द करून टाकावी. घेतलेली योजना मुदतीपर्यंत चालूच राहते.

जातीविषयीही येथेच लिहिते. ॲप आले की जातीची बंधने सैल होतील असे मला वाटत होते, पण माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक वेळा उलटेच घडले. अर्जात जात विचारली जाते, मग पोटजात, मग गोत्र किंवा देवक. आणि ‘जोडीदाराविषयी अपेक्षा’ या रकान्यात तीच जात आपोआप भरली जाते. ती स्वतः जाऊन बदलली नाही, तर दुसऱ्या जातीचा माणूस आपल्याला दिसतच नाही. गावातील मध्यस्थ निदान आठवडी बाजारात, जत्रेत किंवा बँकेच्या रांगेत सर्वांना भेटतो आणि कधीतरी ‘जात वेगळी आहे, पण मुलगा चांगला आहे’ असे चाचपडत का होईना सुचवतो. यंत्राला असे सुचवता येत नाही. ते आपल्याला सांगितलेल्या चौकटीतच शोधते. तो रकाना बदलण्याचे धैर्य मला जमा करायला सहा आठवडे लागले.

नोव्हेंबरच्या मध्यावर घरी कळले, आणि तेही माझ्याकडून नाही. मुदत ठेवीची पावती घेण्यासाठी आलेल्या एका ओळखीच्या माणसाने काउंटरवरच, चार जणांसमोर सांगितले, की त्याने माझा फोटो ‘त्या लग्नाच्या ॲपवर’ पाहिला. संध्याकाळी मी घरी पोहोचण्यापूर्वी बातमी पोहोचली होती. छायाचित्र फक्त आपण विनंती स्वीकारलेल्या व्यक्तीलाच दिसावे अशी सोय त्या ॲपवर होती. ती मी पहिल्या दिवशी वापरायला हवी होती. लहान तालुक्यात राहणाऱ्या प्रत्येकीने ती वापरावी. आईला पहिले दुःख हे, की मी तिला सांगितले नाही. बाबा जेवून उठेपर्यंत काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी फक्त एवढेच विचारले, ‘थयसून कोण इलो तर तो खयचो, कोणाचो, ह्यां तुका कोण सांगतलो?’

हा प्रश्न मी तेव्हा जुन्या वळणाचा म्हणून बाजूला सारला. खयचो आणि कोणाचो, म्हणजे गाव कोणते आणि मुलगा कोणाचा, या दोन शब्दांत आमच्या भागात माणसाची सगळी ओळख मावते. माणसाच्या मागे वाडी असते, वाडीच्या मागे गाव असतो, आणि मुलाने उद्या काही वाईट केले तर त्याच्या चुलत्याला जाब विचारता येतो. चार दिवसांनी आईने ग्रामदेवतेला कौल लावायचे, म्हणजे देवाची संमती विचारायचे, ठरवले. मी नाखुशीने गेले. गुरवाने गाऱ्हाणे घातले, ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला देवळात आम्ही तिघे आणि दोन वृद्ध मानकरी होते, आणि कौल उजवा, म्हणजे अनुकूल, मिळाला. आईचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची झाली, आणि पुढे अनेकदा तिच्या या आधाराची मला गरज पडली; म्हणून त्या सकाळीविषयी माझ्या मनात आदरच आहे.

डिसेंबरात मी फसले. सदतीस वर्षांचा, जहाजावर सेकंड इंजिनिअर, मूळ घर रायगड जिल्ह्यात, असे त्याने लिहिले होते. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक वाडीतले कोणी ना कोणी जहाजावर असते, त्यामुळे महिनोन्महिने न भेटणे आणि अवेळी फोन करणे यात मला काही वावगे वाटले नाही. तीन आठवडे तो अतिशय सभ्यपणे बोलला. मग त्याने माझ्या आईसाठी भेट पाठवल्याचे सांगितले, आणि १२ डिसेंबरला ती सोडवण्यासाठी कुरिअरचे म्हणून ६,५०० रुपये मी भरले. दुसऱ्या दिवशी सीमाशुल्काचे ३८,००० रुपये मागणारा फोन आला, तेव्हा माझे हातपाय गार पडले.

मी उठून काकांकडे गेले. त्यांनी सव्वीस वर्षे जहाजावर काढली आहेत. त्यांनी मला रागावले नाही. त्या माणसाला फोन लावायला सांगून स्वतः बोलले, आणि विचारले, की तुमचा इंडॉस क्रमांक काय, सीडीसी कोणत्या साली निघाली, आणि सध्या साइन-ऑन कोणत्या बंदरात झाले. इंडॉस म्हणजे भारतीय खलाशाला मिळणारा ओळख क्रमांक आणि सीडीसी म्हणजे त्याच्या जहाजावरील सेवेचे पुस्तक; साइन-ऑन म्हणजे जहाजावर रुजू होणे. जहाजावरचा कोणताही माणूस ही उत्तरे झोपेतही देईल, असे काका म्हणतात. पलीकडून फोन बंद झाला तो कायमचा. जहाजावरच्या स्थळाची विचारपूस करताना हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

त्याच रात्री १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर पैसे भरल्याची पावती, संभाषणाची छायाचित्रे आणि क्रमांक जोडले. पैसे गेल्यावर जितक्या लवकर हा फोन होईल तितकी ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता अधिक असते. मी एक दिवस उशीर केला, आणि माझे ६,५०० रुपये आजतागायत परत आलेले नाहीत. विवाह संकेतस्थळांनी सदस्यांची ओळख पडताळावी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क जाहीर ठेवावा, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जून २०१६ मध्येच दिल्या आहेत. त्या अधिकाऱ्याचा पत्ता मला ॲपच्या अटींच्या शेवटच्या पानावर सापडला. मी लेखी तक्रार पाठवली आणि तिसऱ्या दिवशी ते प्रोफाइल काढले गेले. त्या वीस दिवसांत मला पैशांपेक्षा अधिक टोचले ते हे, की बाबांचा प्रश्न बरोबर होता. ॲपने मला माणूस दाखवला होता, पण त्याच्या मागे कोणी उभे नव्हते.

जानेवारीत कणकवलीला एका शिक्षकांना भेटले. महिनाभर आमचे संदेश सुरू होते, मोकळे आणि समंजस. प्रत्यक्षात ते समोर बसल्यावर दहा मिनिटांत कळले, की ते संदेश त्यांच्या मोठ्या बहिणीने लिहिले होते, आणि मी घटस्फोटित असल्याचे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते बिचारे माझ्याहून अधिक ओशाळले. चहा अर्धा ठेवून आम्ही उठलो. बसमध्ये मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्यानंतर मी एक नियम केला: चार संदेशांनंतर थेट आवाजी फोन, आणि त्या फोनवर माझ्या घटस्फोटाचा उल्लेख मी स्वतः करायचा.

त्या नियमानंतरचा दुसरा फोन ज्यांना झाला, त्यांच्याशीच पुढे माझा विवाह झाला. वय छत्तीस, राजापूर तालुक्यातील गाव, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ मासेमारी नौकांच्या इंजिनांची दुरुस्ती करण्याचे स्वतःचे लहान दुकान. ते दोन वर्षे ॲपवर होते. दोनशेच्या आसपास विनंत्या पाठवून त्यांना सहा उत्तरे आली होती, आणि सहाही ठिकाणी ‘मुंबईत नोकरी नाही’ या कारणाने विषय संपला होता. माझ्यासमोर नकोशा विनंत्यांचा ढीग होता आणि त्यांच्यासमोर रिकामे पान. कोकणात राहून हाताचे काम करणाऱ्या मुलांची लग्ने जुळत नाहीत हे आपण सगळे जाणतो. ॲपने त्यांची अडचण दूर केली नाही, रोज रात्री मोबाइलवर मोजून दाखवली. त्यांनी एकदा सांगितले, की गावात नकार वर्षाला दोन येत, येथे कधीकधी एकाच आठवड्यात वीस येत, आणि त्यांतील एकाचेही कारण कळत नसे. मुलांच्या आयांनी हे लक्षात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घरात गप्प झालेल्या मुलाला ‘ॲपवर तरी प्रयत्न कर’ म्हणताना त्याच्या मनावर काय साचते आहे तेही विचारावे.

आमच्या वाडीत मोबाइलची रेंज धड नाही. फोनवर बोलायचे तर सड्यावर जावे लागते. संध्याकाळी सात वाजता मी जांभ्याच्या त्या उघड्या पठारावर जात असे, आणि बाबा विजेरी घेऊन पन्नास पावलांवर, पाठ करून उभे राहत. ते काही ऐकत नसत. बिबट्याचे भय म्हणून मी येतो, एवढेच ते सांगत. तीन आठवडे हे रोज चालले, आणि बाबांनी एकदाही ‘झाले का’ असे विचारले नाही.

२५ फेब्रुवारी २०२४ च्या रविवारी मी मावसबहिणीबरोबर रत्नागिरीला गेले. भेटीची जागा त्यांनी सुचवली: पतितपावन मंदिर. सर्व जातींना प्रवेश असलेले हे मंदिर भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या प्रेरणेने बांधले आणि ते १९३१ मध्ये खुले झाले, हे शाळेत शिकले होते. पण आमच्या दोघांच्या जाती वेगळ्या असताना त्या आवारात बसून पुढच्या आयुष्याविषयी बोलताना त्या माहितीला अर्थ आला. जातींची नावे मी येथे मुद्दाम लिहीत नाही. दीड तासात त्यांनी दुकानावरच्या चार लाखांच्या कर्जाविषयी, भावाशी घरावरून असलेल्या वादाविषयी आणि स्वतःच्या मधुमेहाविषयी न विचारता सांगितले. मी हुकूमनाम्याची प्रत बरोबर नेली होती. त्यांनी ती उघडली नाही, परंतु घरी दाखवण्यासाठी मागून घेतली.

मग मी बाबांना नाव आणि गाव सांगितले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला प्रथमच काम मिळाल्याचे समाधान दिसले. पंधरवड्यात शिमगा आला. पालख्या घरोघरी जात होत्या, चाकरमानी गावी आले होते, आणि चौकशीसाठी याहून चांगला काळ नसतो. बाबांच्या मामेभावाचा व्याही राजापूरचा निघाला, त्याचा पुतण्या मिरकरवाड्यात बर्फ पोहोचवणारा निघाला, आणि आठवड्याच्या आत सगळी माहिती आमच्या पडवीत येऊन पोहोचली. कर्ज चार लाखांचेच होते. भावाचा वाद खरा होता, आणि तो कोर्टात न नेता त्यांनी स्वतः एक खोली सोडल्याचेही कळले, जे त्यांनी मला सांगितले नव्हते. माणूस स्वतःविषयी जे सांगतो ते आणि गाव जे सांगतो ते, या दोन्ही गोष्टी जुळल्या, तेव्हा मला पहिल्यांदा निर्धास्त वाटले.

चौकशी दोन्ही बाजूंनी होते, आणि तिच्यातही खोट असते. आमच्या बाजूच्या कोणीतरी त्यांच्या माणसाला सांगितले, की माझा घटस्फोट माझ्या तापट स्वभावामुळे झाला. त्यावर त्यांच्या आईने हुकूमनामा वाचून घेतला, मला स्वतः फोन केला, आणि काय घडले ते माझ्या तोंडून ऐकले. घटस्फोटित मुलींनी हुकूमनाम्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात. त्या विवाहाच्या अर्जाला तर लागतातच, पण त्याआधी अशा प्रसंगी अधिक लागतात.

यानंतर तीन महिने काहीच हलले नाही. मार्च ते मे आमच्या घरी हापूसचा हंगाम, आणि पेट्या भरण्याच्या दिवसांत बाबांशी दुसरे काही बोलता येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, आणि नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असताना इंजिनांची कामे उपसण्याचे त्यांचे वर्षातील हेच दिवस. ॲप मात्र दर पंधरा दिवसांनी ‘आपली योजना संपली आहे’ असा इशारा देत राहिले. तरीही १६ जूनच्या रविवारी त्यांच्या घरची चार माणसे पावसात आमच्याकडे आली. त्या बैठकीत पत्रिका निघाल्या: छत्तीसपैकी चौदा गुण, आणि नाडी एकच, म्हणजे नाडीचे आठही गुण गेलेले. आईचा धीर खचला. खरे तर हा आकडा ॲपने फेब्रुवारीतच आमच्या छायाचित्रांशेजारी छापला होता आणि मी तो दोघांच्या घरी कळू दिला नव्हता. पूर्वी पत्रिका पसंतीच्या आसपास पाहिली जाई. येथे ती माणसाच्या नावाआधी दिसते, आणि चौदा हा आकडा पाहून किती जणांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता पान उलटले असेल, याचे मला आजही वाईट वाटते. शेवटी आईला कौलाची आठवण मीच करून दिली. देवाने उजवा दिला आहे, मग पत्रिकेचे काय ऐकायचे, असे म्हणून तिने तो विषय स्वतःच मिटवला.

भावकीचा प्रश्न असा मिटला नाही. देवळातील मानपानात अडचण येईल, असे बाबांना दोघांनी ऐकवले होते. ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि दुसऱ्या दिवशी माझे होणारे पती दर्शनाला आले. पडवीत भावकीतील दहा-बारा माणसे होती. ते पाया पडून बसले, आणि एका वृद्ध काकांनी विचारले, ‘खयचो रे तू? कोणाचो?’ त्यांनी तोंड उघडण्यापूर्वी बाबांनी उत्तर दिले. गाव सांगितले, वाडी सांगितली, वडिलांचे आणि आजोबांचे नाव सांगितले, बंदरातले दुकान सांगितले, आणि मग म्हणाले, ‘मी सगळा बघून इलंय.’ त्यानंतर कोणी काही विचारले नाही. चहा आला.

विवाह विशेष विवाह कायदा, १९५४ खाली करायचे ठरले, कारण कोणाच्या पद्धतीने विधी करायचे आणि खर्च कोणी करायचा हे दोन्ही वाद त्यामुळे टळत होते. दोघांपैकी एकाने विवाह अधिकाऱ्याच्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान तीस दिवस राहिलेले असावे लागते. पितृपक्ष २ ऑक्टोबरला संपला; त्याआधी नोटीस द्यायला आई तयार नव्हती. ४ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही नोटीस दिली. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचे दाखले, रहिवासाचे पुरावे, छायाचित्रे आणि माझ्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडली. दाखल्यावर आणि आधारवर माझ्या नावातील एक अक्षर वेगळे निघाल्याने एक फेरी वाया गेली. घरून निघण्यापूर्वी सर्व कागदांवरील नावे शेजारी शेजारी ठेवून तपासावीत.

ही नोटीस कार्यालयाच्या फलकावर तीस दिवस लागते. वर्षभर ॲपवर जे जपले, ते नाव आणि तो पत्ता आता कोणीही वाचू शकत होते. भावकीतील एकाने हरकत घेणार असे बोलूनही दाखवले. मी धास्तावून कार्यालयात विचारले, तेव्हा तेथील महिला लिपिकांनी शांतपणे समजावले, की हरकत फक्त कायद्याच्या कलम ४ मधील अटींवरच घेता येते: आधीचा विवाह कायम असून तो जोडीदार हयात असणे, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणे, मुलाचे वय एकवीस आणि मुलीचे अठरा पूर्ण नसणे, किंवा निषिद्ध नाते असणे. जात वेगळी आहे ही हरकत होऊ शकत नाही. शेवटी कोणी गेलेच नाही, पण ते तीस दिवस मी मोजून काढले.

तीस दिवस दिवाळीत संपले आणि लगेच विधानसभा निवडणूक आली. २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला मोजणी असल्याने कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत विवाह झाला नाही तर नवी नोटीस द्यावी लागते, म्हणून मनात धाकधूक होती. परंतु २८ तारीख मिळाली. तीन साक्षीदार लागतात. माझ्याकडून मावसबहीण आणि काका, त्यांच्याकडून बर्फवाला पुतण्या. अधिकाऱ्यांसमोर आपल्याला समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करत असल्याचे म्हणायचे असते. माझा आवाज कापला, त्यांचा नाही. दोघांनी, साक्षीदारांनी सह्या केल्या, प्रमाणपत्र त्याच दिवशी मिळाले, आणि या प्रमाणपत्रानंतर पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागत नाही. सरकारी शुल्क किरकोळ होते. दोन्ही घरच्या माणसांचे जेवण, गाड्या आणि माझी साडी धरून सगळा खर्च एकतीस हजारांत झाला. ॲपवर गेलेले १२,९०० मी वेगळे मांडते, त्यांतले ६,५०० फसवणुकीचे.

प्रोफाइल काढताना पुन्हा लक्ष द्यावे लागले. ‘लपवा’ आणि ‘कायमचे काढा’ हे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिला ठळक असतो आणि दुसरा आत दडलेला. आमचे जुळल्याचे सांगताच विवाहाचे छायाचित्र जाहिरातीसाठी वापरण्याची संमती मागितली गेली. आम्ही ती दिली नाही. पंधरा दिवसांनी मावसबहिणीच्या खात्यावरून शोधून पाहिले, तर माझे नाव दिसत नव्हते.

फेब्रुवारीत मी माहेरी गेले होते. कलमे मोहोरली होती आणि बाबा फवारणीचा पंप धूत होते. शेजारच्या वाडीतील एक वहिनी मुलीचा मोबाइल घेऊन आल्या. मुलीला एका मुलाची विनंती आली होती, छायाचित्र छान होते, नोकरी चिपळूणला होती. त्यांना माझ्याकडून अर्जातले काही समजून घ्यायचे होते. मी मोबाइल हातात घेतला तोवर बाबांनी पंप खाली ठेवला, हात पुसले, आणि कॅलेंडरमागची पेन्सिल काढून मुलाच्या गावाचे आणि वाडीचे नाव विचारले.